पाम तेलावर सरसकट बहिष्कार? घानाचं लाल तेल आधी समजून घ्या

टेमावासी:
"पाम तेल म्हणजे जंगलतोड, घरातून हद्दपार करा" असं इथे वारंवार वाचते. मी घानात राहते, म्हणून लिहायलाच हवं. हे झाड मुळात पश्चिम आफ्रिकेचंच. गावातल्या बायका घड तोडून काही दिवस ठेवतात, म्हणजे फळं सुटी होतात. मग ती पिंपात शिजवायची, कुटायची, दाबून तेल काढायचं आणि पाणी उडेपर्यंत पुन्हा कढवायचं. चोथा चुलीत जातो. बिया फोडून आतल्या गराचं वेगळं तेल निघतं. चवळीची उसळ आणि तळलेली केळी यांना इथे 'रेड-रेड' म्हणतात, ती या तेलाशिवाय होतच नाही. कसावा, मक्याच्या शेतात ही झाडं पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. आपल्या फरसाणातलं तेल म्हणजे रंग-वास काढून टाकलेलं कारखानी तेल. दोन्हींना एकच शिक्षा कशाला?

रानवाट:
सहमत नाही. जगातलं ८० टक्क्यांहून जास्त पाम तेल इंडोनेशिया-मलेशियाचं आहे आणि सर्वांत मोठा आयातदार भारत. प्रश्न त्या तेलाचा आहे. सुमात्रा-बोर्निओत दलदलीच्या जमिनीतलं पाणी उपसून लागवड झाली. २०१५ साली त्या सुकलेल्या जमिनीतल्या आगींचा धूर सिंगापूरपर्यंत गेला. गावच्या चुलीचं कौतुक करून ते झाकलं जातं. 'आरएसपीओ' या शाश्वत पाम तेलासाठीच्या जागतिक संस्थेचं २००८ पासून प्रमाणपत्र आहे, २०१८ च्या निकषांत जंगलतोडीला मनाई आहे. ग्राहकांनी तेच मागावं.

निर्मलकर:
ताई, बहिष्कार घालून लावणार काय? पाम हेक्टरी तीन-चार टन तेल देतो, सोयाबीन अर्धा टनही नाही. तेवढ्याच तेलाला कितीतरी पट जमीन लागेल. आमच्या तेलंगणात लागवड वाढतेय, २०२१ च्या केंद्राच्या योजनेत ११,०४० कोटी ठेवलेत. पण पहिली तीन-चार वर्षं हातात काही येत नाही. उन्हाळ्यात पाणी भरपूर लागतं. घड तोडला की लगेच गिरणीत पोचवावा लागतो, उशीर झाला की तेलाची आम्लता वाढते. गिरणी लांब असली तर शेतकरी मेलाच.

पथ्यपाणी:
लाल तेलात बीटा कॅरोटीन भरपूर असतं, हे खरं. पण निम्मी चरबी संपृक्त आहे, ती लाल रंगामुळे कमी होत नाही. घानातच २०१५ साली बाजारातल्या तेलात सुदान-४ हा खाण्यात बंदी असलेला कारखानी रंग सापडला होता. 'पारंपरिक' म्हटलं की डोळे मिटून खायचं का?

टेमावासी:
डोळे मिटून खा असं मी कुठे म्हटलं? तो रंग घालणारा व्यापारी आहे, गिऱ्हाईक गडद तेल मागतं म्हणून. शिजवून तेल काढणाऱ्या बाईला त्याची गरजच नाही. त्या तेलाची तपासणी बाजारात झालीच पाहिजे.

रानवाट, तुमच्या प्रमाणपत्राला माझा विरोध नाही. पण ज्या बाईच्या जमिनीचा कागद नवऱ्याच्या किंवा सासरच्या कुळाच्या नावावर आहे, तिने नकाशा आणि नोंदी कुठून आणायच्या?

रानवाट:
छोट्या शेतकऱ्यांसाठी २०१९ पासून वेगळा, सोपा निकष आहे. गट करून जाता येतं.

निर्मलकर:
गट करू हो. तपासणीचा खर्च गिरणीने उचलावा, एवढं त्यात लिहून द्या. घडाचा भाव ठरवताना तोच खर्च आमच्याकडून कापून घेतील, तर तुमच्या शिक्क्याचे पैसे आम्हीच भरले म्हणायचे.