मदत हवी आहे: "तू येणार असशील तर मी येते" हे अ‍ॅपमध्ये कसं बसवायचं?

मंडळी नमस्कार, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी इंदूरची. विजयनगरच्या बाजूला आमचं ऑफिस, पंचवीस-तीस जणांची सॉफ्टवेअर कंपनी. आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला यायचं, कुठले ते ज्याचं त्यानं ठरवायचं असा नियम आहे आणि तो ऐकायला जितका छान वाटतो तितकाच वापरायला बेकार आहे. आमच्यातला एक भिया (इंदुरात भावाला भियाच म्हणतात) उज्जैनहून येतो, सकाळी पोहेसुद्धा न खाता पन्नासेक किलोमीटर बाईक हाणत, आणि इथे पोचून बघतो तर त्याच्या टीमचं काळं कुत्रं नाही. मग हेडफोन लावून, घरून ज्यांच्याशी बोलला असता त्यांच्याशीच दिवसभर मीटवर बोलतो आणि संध्याकाळी परत देवास नाक्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालत घरी.

गंमत म्हणून हिशोब मांडून बघितला. दोघांनी पाचातले दोन-दोन दिवस आपापल्या मनाने निवडले तर एकही दिवस न जुळण्याची शक्यता ३० टक्के निघते. आणि तिघांनी तसंच केलं तर तिघेही एकत्र असतील असा एकसुद्धा दिवस न सापडण्याची शक्यता थेट ६९ टक्के! म्हणजे लोक आळशी आहेत, टाळतात वगैरे जे साहेब म्हणतात ते नंतर, आधी गणितच आपल्या विरुद्ध आहे.

सध्या हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. रात्री कुणीतरी विचारतं "उद्या कोण कोण?" आणि खाली रांगेने "बघतो", "तू?", "तू असशील तर", "नक्की नाही सांगू शकत". लग्नाच्या पंगतीत नाही का, तुम्ही बसा हो, नाही आधी तुम्ही, आणि वाढलेली पानं तशीच. गूगल कॅलेंडरमध्ये आज कुठून काम करणार ते टाकायची सोय आहे, आऊटलुकमध्ये पण आहे, पण तिथे ज्याचं ठरलंय तो सांगतो, आणि आमच्याकडे घोडं अडतं ते ठरण्याच्याच आधी.

आता सुट्टी आणि खर्चाच्या बिलांसाठी आमचं घरचंच एक छोटं अ‍ॅप आहे, त्यात हे फीचर करायचं काम माझ्या गळ्यात आलंय. नुसतं दिवसांवर टिक करायचं पान सगळ्यांना दाखवलं तर प्रत्येक जण उघडतो, कुणी टिक केलेलं नाही बघतो, बंद करतो. म्हणून डोक्यात असं आलं की टिकच्या जोडीला अट घालता यावी. "मी येणार", "मी नाही", आणि तिसरं, "अमुक आला तर मी येणार" किंवा "आमच्या टीमचे निदान चार जण असतील तर". अटी सगळ्यांनी आदल्या दिवशी टाकायच्या आणि संध्याकाळी सहाला अ‍ॅपने निकाल लावायचा.

इथेच गाडी अडलीये. समजा मी म्हटलं आमच्यातली महूवाली, म्हणजे महूहून येणारी, आली तर मी येणार, आणि महूवालीने म्हटलं मी आले तर ती येणार. अ‍ॅपने काय ठरवायचं? दोघी येणार हे पण अटीत बसतं आणि दोघी नाही येणार हे पण बसतं. कोडमध्ये सरळ लिहिलं, म्हणजे सुरुवातीला कुणी येत नाहीये असं धरून ज्याची अट पुरी होईल त्याला जोडत गेलं, तर आम्ही दोघी जन्मात ऑफिसला जाणार नाही. म्हणून उलट केलं. आधी ज्यांनी "नाही" म्हटलंय त्यांना सोडून बाकी सगळे येणारच असं धरायचं, मग ज्याची अट पुरी होत नाही त्याला खोडायचं, त्याच्या खोडण्यामुळे आणखी कुणाची अट मोडली तर त्यालाही खोडायचं, आणि खोडायला कुणी उरलं नाही की थांबायचं. जे उरले ते येणार. कागदावर खूप वेळा करून बघितलं, आधी कुणाला खोडलं याने फरक पडत नाही, उत्तर तेच येतं आणि जास्तीत जास्त माणसं एकत्र येतात. हे मला आवडलं.

पण ते चालतं फक्त "आला तर" अटींना. टेस्टिंगच्या ताईंना मी हे दाखवलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "साहेब नसतील तर येईन असं कुठे लिहायचं?" सगळे हसले, पण प्रश्न खरा आहे, कारण अशी उलटी अट एकदा आत घेतली की सगळं कोसळतं. ताई म्हणाल्या साहेब नसतील तर मी येणार, आणि साहेबांनी लिहिलं ताई आल्या तर मी येणार, की झालं, त्याला उत्तरच नाही. ताई आल्या धरलं तर साहेब येतात, साहेब आले की ताई नाहीत, ताई नाहीत तर साहेब नाहीत, मग ताई येतात, आणि अ‍ॅप बसलंय गोल गोल फिरत. खुर्च्यांचं पण तसंच, आमच्याकडे माणसांपेक्षा टेबलं कमी आहेत, त्यामुळे एक आला की दुसऱ्याची जागा जाते, ती पण उलटीच अट झाली. सध्या मी उलट्या अटी चक्क बंद ठेवल्यात आणि खुर्च्यांचा हिशोब निकालानंतर वेगळा, लांबून येणाऱ्यांना आधी. बरोबर करतेय का?

दुसरी गोष्ट, सहानंतर कुणी फिरला तर? रात्री नऊला एकाच्या पोराला ताप आला, तो कटला, त्याच्यावर अवलंबून तिघं, त्या तिघांवर अजून दोघं. अ‍ॅपने परत खोडाखोडी केली तर सकाळी अख्खं ऑफिस रिकामं. मला वाटतं सहानंतर अट संपली, येणार म्हणजे येणार, फक्त कळवायचं की अमका येत नाहीये, पुढे तुमची मर्जी. पण मग उज्जैनवाल्या भियावर परत अन्याय. मला यातून मार्ग दिसत नाहीये.

तिसरी आणि खरी भानगड म्हणजे कुणाला काय दिसावं. "अमकी आली तर मी येणार" हे सगळ्या ऑफिसला दिसलं तर दोन दिवसांत लग्न लावून देतील लोक. म्हणून अटी लपवलेल्या, दिसतो तो फक्त निकाल, उद्या हे हे येणार. तरी एवढ्याशा ऑफिसात अंदाज बांधणारे बांधतातच. पण टीम लीडला, "तुमच्या येण्यावर पाच जण अवलंबून आहेत" असं नावं न घेता दाखवलं तर? तो येईल हे नक्की, पण ही विनंती झाली की दबाव, ते मला कळेना.

आणि एचआर. त्यांना हा सगळा डेटा हजेरीच्या रिपोर्टला जोडून हवाय, कोण येतो म्हणाला आणि आला नाही. हजेरीला दारात अंगठ्याचं मशीन आहे ना, मग हे कशाला? माझं ठाम मत आहे की ज्या दिवशी हे कळेल त्या दिवसापासून लोक खरं लिहायचं बंद करतील, "मी नाही" टाकून गुपचूप येतील किंवा रोज "येणार" टाकून ठेवतील, आणि फीचर मेलं. कायदा दाखवायचा विचार पण करून झाला, पण २०२३ च्या डेटा प्रोटेक्शनच्या कायद्यात नोकरीच्या कामासाठी वेगळ्या संमतीशिवाय माहिती वापरायची वाट ठेवलेली आहे, तेव्हा तिथून काही हाती लागेल असं वाटत नाही. निकाल लागला की अटी डेटाबेसमधून पुसूनच टाकायच्या असं मनात आहे. नसलेली गोष्ट कोण मागणार? कुणी असं करून एचआरला पटवलंय का, आणि कोणत्या शब्दांत?

----

माझ्या पोस्टखाली दोघा-तिघांनी लिहिलंय की एवढा खटाटोप कशाला, मंगळवार सगळ्यांचा ठरवून टाका. त्यांना एकत्रच उत्तर देते. चार जणांच्या टीमला हे बरोबर आहे, आमच्या डिझाईनवाल्यांनी आपसात बुधवार ठरवलाय आणि त्यांना माझ्या अ‍ॅपची काही गरज नाही, मी त्यांना वापरा म्हणणार पण नाही. पण सगळ्यांना एकच दिवस दिला तर बसवायचं कुठे, टेबलं नाहीत हे वर लिहिलंच आहे. शिवाय ठरलेला दिवस आमच्याकडे टिकतही नाही. श्रावणातल्या सोमवारी महाकालची सवारी म्हणजे पालखीची मिरवणूक, उज्जैनवाला निघू शकत नाही. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक, असते तेव्हा राजवाड्याकडे राहणाऱ्यांनी घराबाहेर पडायचं नाव काढू नये. अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, दुसऱ्या दिवशी कोण येतो कामाला. पुण्या-मुंबईच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर उचलून चिकटवलं तर यातलं काही त्यात नसणार, तेव्हा गावाप्रमाणे नकोसे दिवस टाकायची सोय करतेच आहे.

आणि ज्यांनी विचारलं की लोक एवढ्या अटी लिहायचा कंटाळा करतील, ते मला पटलं. म्हणून आता एकदाच लिहायची, बदलेपर्यंत दर आठवड्याला तीच चालू, असं करते (मग निकालानंतर अटी पुसायचं वर म्हटलंय ते जमणार नाही, हे कळतंय). त्यात मात्र एक अडचण, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर कुणाची अट अडकून पडली तर ती आपोआप काढायची की अट लिहिणाऱ्याला विचारायचं? विचारलं तर "कुणाच्या नावावर" हे स्क्रीनवर येणार, आणि आमच्याकडे शेजारच्याच्या स्क्रीनमध्ये डोकावणं हा राष्ट्रीय छंद आहे. कुणी असलं काही बनवलं असेल तर तेवढं आधी सांगा, बाकीचं सावकाश.