जपान स्पाउस व्हिसा रिन्यूअल: नवऱ्याची बदली झाल्यामुळे पत्ते वेगळे झालेत, मदत हवी आहे

सांगलीची_पोर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचते, आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितेय.

मी मूळची सांगलीची, नवरा जपानी, लग्नाला पाच वर्षं झाली, लेक साडेतीन वर्षांची. तोक्योत निशी-कासाईला राहतो, म्हणजे राहत होतो, कारण या एप्रिलमध्ये (२०२५) कंपनीनं त्याला नागोयाला पाठवलं, आता तो तिकडे एका खोलीत आणि मी नि लेक इकडे. याला इथे तान्शिन-फुनिन म्हणतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, पण आमच्या आईला दर रविवारी सांगावं लागतं की अगं भांडण नाही, बदली आहे. मी सोबत गेले नाही कारण माझी नोकरी इथे आहे आणि लेकीला होइकुएनमध्ये (इथलं पाळणाघर) जागा केवढ्या मुश्किलीनं मिळाली ते ज्यांची पोरं इथे आहेत त्यांना सांगायला नको.

तर माझा व्हिसा २४ डिसेंबरला संपतोय. आत्तापर्यंत तिन्ही वेळा एकेकच वर्ष मिळालंय. यंदा तीन वर्षं मिळावीत अशी फार इच्छा होती कारण पीआरसाठी (कायम राहण्याच्या परवान्यासाठी) किमान तीन वर्षांचा व्हिसा हातात लागतो, आणि नेमकी यंदाच ही भानगड. घरभाड्याच्या भत्त्यासाठी कंपनीनं सांगितलं म्हणून त्यानं स्वतःचा जुमिनह्यो (पत्त्याची सरकारी नोंद) नागोयाला हलवला, त्यामुळे कागदावर आम्ही दोन वेगळी घरं झालो. त्यात काल रात्री कुठेतरी वाचलं की सहा महिने जोडीदाराबरोबर राहिलं नाही तर व्हिसा रद्द करू शकतात. एप्रिल ते ऑक्टोबर मोजून बघा. झोप नाही.

दुसरं म्हणजे तो परवा तिथल्या वॉर्ड ऑफिसात टॅक्सचे दाखले काढायला गेला तर तुमचे दाखले आमच्याकडे नाहीतच असं सांगून परत पाठवलं. आणि तिसरं, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भावाचं लग्न आहे, परतीचं तिकीट ४ जानेवारीचं काढून बसलेय. म्हणजे जाताना व्हिसा चालू आणि येताना संपलेला! तिकीट बदलू का? कुणी यातून गेलंय का प्लीज सांगा.

ओसाकाकर

तिकीट बदलू नका. संपायच्या तीन महिने आधीपासून अर्ज घेतात, म्हणजे तुमची खिडकी केव्हाच उघडलीये, अजून भरला का नाहीत हाच प्रश्न आहे. मुदतीच्या आत अर्ज टाकला की निकाल लागेपर्यंत किंवा मुदतीनंतर दोन महिने, यातलं जे आधी होईल तोवर राहता येतं. तुमच्या बाबतीत २४ फेब्रुवारीपर्यंत. या काळात बाहेर जाऊन परत येता येतं, फक्त जाताना एअरपोर्टवर रीएंट्रीच्या कार्डावर परत येणार आहे त्या चौकोनात टिक करायला विसरू नका. आणि मधेच निकाल लागला तर नवीन कार्ड घ्यायला तुम्ही स्वतः जपानात हव्यात, तेव्हा सांगलीत आणखी आठवडा आणखी आठवडा करत बसू नका.

कोबेची_वहिनी

अगं, एक महत्त्वाचं. ऑनलाइन केलंस तर साडेपाच हजार येन आणि इमिग्रेशनच्या काउंटरवर सहा हजार (२०२५ चे दर, मार्चपर्यंत चार होते, असो), तर पाचशे येन वाचवायला जाऊ नकोस, काउंटरवरच जा. कारण तिथे रेसिडन्स कार्डच्या मागच्या बाजूला अर्ज चालू असल्याचा शिक्का मारतात. ऑनलाइनला शिक्का नाही, फक्त ईमेल येतं. मी ऑनलाइन केलं होतं आणि मुंबईला चेक-इनला तो मुलगा कार्डच्या पुढची तारीख बघून म्हणाला, मॅडम हे एक्स्पायर्ड आहे. ईमेल जपानीत. मागे रांग, कडेवर पोरगा, सुपरवायझर येईपर्यंत पाऊण तास तिथेच उभी. शिक्का असला तरी त्याचा अर्थ इंग्लिशमध्ये एका कागदावर लिहून बरोबर ठेव.

चहा_कमी_साखर

सहा महिन्यांचं घाबरवणारं सगळेच वाचतात पण पुढचे शब्द वाचत नाहीत. योग्य कारण नसताना नवरा-बायको म्हणून राहणं सोडलं तर, असं ते आहे. बदली हे कारण आहे, पण ते तुम्ही सांगितलं पाहिजे, ऑफिसर मनकवडा नसतो. वेगळं राहायला लागलो म्हणून १४ दिवसांत कळवायचं असतं का असं पुढे विचाराल, तर नाही, ते घटस्फोट किंवा जोडीदाराचा मृत्यू झाला तर.

नेहमीचे कागद (कोसेकी म्हणजे कुटुंबनोंदीचा दाखला, जुमिनह्यो, टॅक्सचे दोन्ही दाखले, हमीपत्र, फोटो) द्याच. त्यावर कंपनीचं बदलीचं पत्र जोडा, जुमिनह्यो दोघांचेही द्या आणि एक रियूशो, म्हणजे कारण सांगणारं पत्र, लिहा. का वेगळे राहतोय, कधीपर्यंत, महिन्यात किती वेळा भेटतो, घरखर्च कोण कसा देतं. शिनकानसेनच्या (बुलेट ट्रेनच्या) पावत्या, बँकेतले ट्रान्सफर, लेकीबरोबरचे तारखेसकट फोटो. लपवायला जाऊ नका, पत्ता त्यांना दिसतोच, आणि लपवलेलं सापडलं की साधी गोष्ट संशयाची होते.

टॅक्सचं सोपं आहे. दाखला १ जानेवारीला जिथे राहत होतात तिथलीच पालिका देते, आत्ता कुठे राहता याच्याशी संबंध नाही. म्हणजे तुमच्या मिस्टरांचा यंदाचा दाखला तुमच्याच एदोगावा वॉर्डात मिळेल. आता घर वेगळं झाल्यामुळे तुम्हाला त्यांचं इनिनजो, म्हणजे अधिकारपत्र, न्यावं लागेल. कोसेकीचं उलट, मार्च २०२४ पासून कुठल्याही पालिकेत मिळतं, ते त्यांनाच नागोयात काढू दे.

सांगलीची_पोर

बापरे, एदोगावाचं वॉर्ड ऑफिस माझ्या रोजच्या बसच्या रस्त्यात आहे आणि हा माणूस तिकडे अर्धी रजा टाकून हेलपाटे घालत होता.

रियूशो लिही म्हटलं तर नवऱ्यानं तीन ओळी लिहून पाठवल्या. कंपनीने बदली केली. पत्नी व मुलगी तोक्योत आहेत. कृपया विचार व्हावा. झालं! म्हटलं अरे, दर दुसऱ्या शुक्रवारी रात्री अकराला दारात उभा असतोस ते कोण लिहिणार? तर म्हणे ते घरातलं आहे, सरकारला कशाला सांगायचं. शेवटी मी बोलत गेले आणि तो लिहीत गेला, दीड पान झालं. पावत्या मात्र त्यानं एकूण एक बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या होत्या, न सांगता. तेरा निघाल्या.

ओसाकाकर

डबा तसाच घेऊन जा काउंटरवर :)

सांगलीची_पोर

अपडेट. आज शिनागावाला इमिग्रेशनच्या ऑफिसात जाऊन अर्ज दिला. बाईंनी दोन्ही जुमिनह्यो शेजारी शेजारी ठेवले, बदलीचं पत्र वाचलं, एवढंच विचारलं की मुलगी कुणाकडे असते. पावत्यांच्या झेरॉक्स ठेवून घेतल्या. निकालाचं पोस्टकार्ड येतं ना, त्यावर आपलाच पत्ता आपणच लिहून द्यायचा, गडबडीत मी नागोयाचा पिनकोड टाकला, खोडून परत लिहिला. शिक्का मिळाला, कोबेच्या वहिनी, जरा तिरका बसलाय पण वाचता येतोय. चालेल ना?

कोबेची_वहिनी

चालतंय. लग्नाची साडी घेतलीस का ते सांग आता.