मदत हवी आहे: पीएस ४ वर 'सायबरपंक २०७७' घ्यावा का?

नुकतंच कॉलेज संपलेल्या धाकट्या भावाला 'सायबरपंक २०७७' घेऊन द्यायचा आहे. घरात जुना, साधा पीएस ४ (सोनीचा प्लेस्टेशन ४ गेम कन्सोल) आहे. डिसेंबर २०२० मध्ये हा गेम केवढा गाजावाजा करून आला, आणि याच कन्सोलवर इतका अडखळला की आठवडाभरातच सोनीने तो आपल्या स्टोअरमधून काढला! जून २०२१ मध्ये परत आला. आता सगळीकडे कौतुक ऐकते, पण ते २०२३ च्या २.० अपडेटनंतरच्या गेमचं. ते अपडेट पीएस ४ ला मिळालंच नाही, 'फँटम लिबर्टी' हा गेमचा वेगळा मिळणारा जोड-भागसुद्धा नाही.

साध्या पीएस ४ वर (जास्त ताकदीचा 'प्रो' नव्हे) शेवटच्या पॅचसह (दुरुस्ती अपडेटसह) कोणी खेळलंय का? गर्दीच्या भागात गाडी पळवताना अडकतो का? मधेच बंद पडतो? की सरळ 'विचर ३' घेऊ? भावाचा हिरमोड व्हायला नको. कृपया स्वतःचा अनुभव सांगा.