कणखर? दुसरं कुणी नसतं म्हणून!
वर कुणीतरी लिहिलंय की एकटीने पोरं वाढवणाऱ्या निर्वासित बायका मुळातच कणखर असतात. हे कौतुक मला जरा खटकलं. मुळात वगैरे काही नसतं हो, दुसरं कुणी नसतं म्हणून करावं लागतं.

सीरियन बायकांचंच बघा. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या २०१४ च्या अहवालानुसार इजिप्त, लेबनॉन, इराक आणि जॉर्डनमधल्या १ लाख ४५ हजारांहून जास्त सीरियन कुटुंबांची प्रमुख बाई होती, म्हणजे चारातलं एक तरी घर. नवरा मेलेला, तुरुंगात, नाहीतर बेपत्ता. यातलं बेपत्ता सगळ्यात वाईट. विधवा म्हणता येत नाही, वाट बघणंही संपत नाही. त्यात सीरियाच्या कायद्याने नागरिकत्व येतं बापाकडून. परदेशात जन्मलेल्या पोराचा दाखला काढायला गेलं की आधी लग्नाचा कागद मागतात, आणि तो राहिलेला असतो पडलेल्या घरात. मग घाला खेटे, तान्हं कडेवर घेऊन.

जॉर्डनच्या झातारी या सीरियन निर्वासितांच्या छावणीतल्या दुकानांत २०१६ मध्ये बुबुळ स्कॅन करून मदतीच्या खात्यातून पैसे वळते करायची पद्धत आली. सोय चांगलीच (पाकीट हरवायला नको), पण नोंद जिच्या डोळ्याची, तिलाच दुकानात जावं लागणार. घरात पोर तापाने फणफणलेलं असलं, तर त्याच्याजवळ बसायला शेजारीणच लागते. उद्या तिच्या पोरापाशी हिने बसायचं.