विद्यार्थ्यांना अर्धवेळ काम: आधी आदेश की आधी काम?

लेखाटेबल
ग्रंथालयात पुस्तकं लावणं, प्रयोगशाळेची आवराआवर, जुन्या फायलींचं स्कॅनिंग, प्रवेशाच्या दिवसांत मदत कक्ष सांभाळणं, अशी कामं विद्यापीठं विद्यार्थ्यांना ताशी दरानं देतात. खानापूर, निपाणी, चंदगडकडून बेळगावात शिकायला येणाऱ्या मुलांना या पैशांचा मोठा आधार असतो. माझं मत स्पष्ट आहे: लेखी आदेश हातात पडल्याशिवाय एक तासही काम करू नये.

आदेशात काम कोणतं, कधीपासून कधीपर्यंत, ताशी दर, आठवड्याला जास्तीत जास्त तास आणि हजेरीवर सही कोणाची, एवढं हवंच. शिवाय खर्च कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या ठरलेल्या सदरातून) पडणार तेही हवं. हे शेवटचं बहुतेक वेळा राहून जातं आणि मग वित्त विभागातून बिल परत येतं. फेब्रुवारी-मार्चच्या कामाचं बिल ३१ मार्चआधी मंजूर झालं नाही तर त्या वर्षाची तरतूद संपते, नव्यानं मंजुरी घ्यावी लागते. तोवर मुलगा शेवटचं सत्र संपवून गावी गेलेला असतो.

जांबोटीकडचा
साफ असहमत. आदेशाची फाईल विभागातून कुलसचिवांकडे, तिथून वित्त अधिकाऱ्यांकडे जाते आणि शंका निघाली की परत विभागात येते. प्रवेशाची गर्दी मात्र तीन आठवड्यांत ओसरते. ज्या मुलाला बसपास आणि मेसचे पैसे सत्राच्या सुरुवातीलाच भरायचे आहेत, त्याला दोन महिन्यांनी आलेला आदेश काय कामाचा?

आणि कागद किती मागता? आधार, पासबुक, प्रवेशाची पावती हे समजू शकतो. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला कशाला? निवडीत प्राधान्य द्यायचं असेल तरच त्याचा संबंध. नाडकचेरीच्या (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयाच्या) दाखल्यावर आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक असतो आणि कर्नाटकात उत्पन्नाचा दाखला पाच वर्षं चालतो. शिष्यवृत्तीसाठी मुलानं तो काढलेला असेल तर तोच नंबर घ्या, नवा दाखला मागू नका. चंदगडच्या मुलाचा दाखला महाराष्ट्राच्या तहसीलचा असतो, त्यावर आरडी नंबर नसतोच. अर्जात तो रकाना सक्तीचा केला की मुलगा तिथंच अडकतो.

लेखाटेबल
दाखल्यांचं मान्य. आदेशाचं नाही. उशिरावर उपाय आहे: मे महिन्यातच इच्छुक विद्यार्थ्यांची यादी मंजूर करून ठेवायची, म्हणजे जूनमध्ये विभागप्रमुखांनी फक्त नावापुढं तारीख घालायची. आदेश नसताना तोंडी सांगण्यावरून केलेल्या तासांचा दावा पुढं कोणीच मान्य करत नाही.

हजेरीपट
दोघंही आदेशावर भांडताय, पैसे अडतात हजेरीवर. मस्टरवर नुसती 'उपस्थित' अशी खूण नको, आल्याची आणि गेल्याची वेळ हवी. लेखापरीक्षणात पहिला आक्षेप हाच असतो: ११ ते १ या वेळेत मुलगा वर्गाच्या हजेरीत आहे आणि त्याच वेळी कामाच्या मस्टरवरही सही आहे. मग सगळं बिल थांबतं. वर्गाचं वेळापत्रक अर्जालाच जोडून घ्या आणि कामाचे तास त्याच्या बाहेरचे ठेवा. आठवड्याला २० तासांच्या वर जाऊ नका, ७५ टक्के हजेरीची अट परीक्षेच्या वेळी आडवी येते.

जांबोटीकडचा
हे पटलं. पण पैसे रोख व्हाउचरवर द्यायला काय हरकत आहे? ताशी ६० रुपये धरले तर महिन्याच्या ८० तासांचे ४,८०० होतात. ५,००० च्या आत असल्यानं पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्पही लागत नाही.

हजेरीपट
दोन महिन्यांचे एकदम दिले की ९,६०० होतात आणि स्टॅम्प लागतो. पण रोख नको म्हणण्याचं खरं कारण वेगळं आहे. रोखीत सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा, हे घडू शकतं, आणि मुलाजवळ पुरावा राहत नाही. खात्यात आलेली रक्कम पुसता येत नाही.

खात्यात मात्र तीन अडचणी आधीच तपासा. शाळेत असताना काढलेलं खातं १८ वर्षं पूर्ण झाल्यावर नव्यानं केवायसी केल्याशिवाय चालत नाही. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. आणि पैसे आधारवर पाठवले तर ज्या बँकेशी आधार शेवटी जोडला, तिथं जातात. मुलगा पासबुक एका बँकेचं देतो आणि रक्कम दुसरीकडं पडते.

येळ्ळूर रोड
सीमाभागात नावाचा घोळ सगळ्यांत मोठा. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव आणि आद्याक्षरं, आधारवर नाव-वडील-आडनाव, बँकेत आडनाव आधी. घाईनं आधार बदलायला जाऊ नका, नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आधी बँकेतलं नाव आधारप्रमाणे करून घ्या, ते सोपं आहे.

पॅनबद्दलही मुलं घाबरतात. मोबाईल आधारला जोडलेला असेल तर ई-पॅन फुकट आणि लगेच मिळतो. टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) लागू होत असेल आणि पॅन नसेल तर कपात २० टक्के होते, म्हणून तो असलेला बरा.

आणखी एक. अर्ज नुसता कन्नडमध्ये असेल तर मराठी माध्यमाच्या मुलाला अटी कळत नाहीत आणि तो न वाचता सही करतो. तक्रार किंवा निवेदन मराठीत देण्याचा हक्क संविधानाच्या कलम ३५० नं दिला आहे, तो वापरा. सोबत इंग्रजी प्रत जोडा, म्हणजे टेबलावर अडणार नाही.

जांबोटीकडचा
अटी मराठीत सांगणाऱ्या माहितीपत्रकाची मागणी मी लावून धरीन. पण कंत्राटदारामार्फत मुलं घेण्याची सूचना कोणी करत असेल तर माझा विरोध. त्यात पीएफ कापला जातो, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) निघतो, मुलगा सत्र संपल्यावर काम सोडतो आणि कंत्राटदार सोडल्याची तारीख भरत नाही. पुढं पहिल्या नोकरीत तेच खातं डोकेदुखी होतं.

लेखाटेबल
यावर एकमत. कंत्राटदार मध्ये नको. आदेशावर 'मानधन' लिहिलंय की 'वेतन', तेही सही करण्याआधी वाचा. मिळत असलेल्या शिष्यवृत्तीच्या नियमात नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल काय म्हटलंय ते समाजकल्याण किंवा मागासवर्ग खात्याच्या कार्यालयात विचारून घ्या, आणि उत्तर लेखी मागा.