ट्रान्सपोझॉनचे ‘सायलेन्सिंग’: शमन की मूकीकरण?

प्रश्न: बीजपेशींवरचे एक भाषांतर तपासते आहे. ‘सायलेन्सिंग’साठी त्यात कुठे ‘शमन’ आहे, कुठे ‘नष्ट करणे’. बरोबर काय? आणि ‘पाय-आरएनए’तला पाय कुठला?

उत्तर: ताई, ‘नष्ट करणे’ आधी काढा. ट्रान्सपोझॉन म्हणजे एका जागेवरून उठून दुसरीकडे घुसणारा डीएनएचा तुकडा. बार्बरा मॅक्लिंटॉक यांना तो मक्यात सापडला, त्यासाठी १९८३चे नोबेल मिळाले. माणसाच्या जनुकसंचाचा जवळपास निम्मा भाग अशा तुकड्यांचा आणि त्यांच्या अवशेषांचा आहे. सायलेन्सिंगनंतरही ते जागेवरच राहतात, फक्त वाचले जात नाहीत. शमन आगीचे, तहानेचे होते. शमली की ती उरत नाही. म्हणून मी ‘मूकीकरण’ लिहितो. नुसते ‘मूक’ही पुरत नाही. मूक मोर्चातली माणसे आपणहून गप्प असतात, इथे गप्प बसवलेले असते.

‘पाय’ म्हणजे फळमाशीच्या ‘पीवी’ जनुकाच्या नावातली पहिली दोन इंग्रजी अक्षरे. हे छोटे आरएनए पीवी गटातल्या प्रथिनांना ट्रान्सपोझॉन ओळखून देतात. सस्तन प्राण्यांच्या वृषणात हे २४ ते ३१ न्यूक्लिओटाइडांचे (आरएनएच्या कड्यांचे) आरएनए सापडले आणि २००६मध्ये नाव रूढ झाले.

दुसरे उत्तर: मला तर मळणीच्या बैलाचे मुसके आठवते. बैल खळ्यातच फिरतो, पण धान्याला तोंड लावू शकत नाही. मात्र पाय-आरएनए सोबत घेतलेल्या प्रथिनांची इथे कामे दोन आहेत. पीवी प्रथिन केंद्रकात जाऊन तिथला डीएनए घट्ट गुंडाळायला लावते; ते मुसके, म्हणजे मूकीकरण. ऑबर्जिन आणि अ‍ॅगो-३ ही प्रथिने केंद्रकाबाहेर ट्रान्सपोझॉनचा आरएनए कापतात आणि त्याच तुकड्यांतून नवे पाय-आरएनए घडतात. या पिंगपाँग चक्राला ‘छेदन’ म्हणावे. दोन्हींना एकच शब्द दिला तर वाचक फसतो.

प्रश्न: आणि आईकडून पिल्लांत येणाऱ्या पाय-आरएनएला ‘आईकडून वारसा’ चालेल?

उत्तर: जपून. पी-घटक हा फळमाशीतला एक ट्रान्सपोझॉन. तो असलेला नर आणि नसलेली मादी यांची संतती बहुधा वंध्य निघते. जोडी उलटी केली तर धडधाकट. दोन्हीकडे लेकींना जनुके तीच मिळतात. फरक आईने अंड्यात घातलेल्या पाय-आरएनएचा. ‘वारसा’ म्हटले की वाचक जनुकेच समजतो. मी ‘आईची शिदोरी’ लिहीन.