आमदार म्हणतात, कर घेतात आणि दवाखान्यात औषध नाही. या दोन्हींचा संबंध असतो का?

बांधावरचा (परभणी जिल्हा)

परवा आमच्या तालुक्याला विरोधी पक्षाच्या आमदारांची सभा झाली. बोलतात झकास. सरकार आजारी माणसाच्या गोळीवर जीएसटी घेतं आणि दवाखान्यात गोळीच ठेवत नाही, असा सगळा सूर. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. कारण घरी आई आहे.

आईला नऊ वर्षांपासून शुगर. इन्शुलिन सकाळी २० युनिट, संध्याकाळी १४. महिन्याला तीन बाटल्या लागतात. ग्रामीण रुग्णालयातून मिळायच्या, पण दिवाळीपासून खिडकीवरचा माणूस मान वर न करताच "बाहेरून घ्या" म्हणतो. मेडिकलवर तिन्हींचे पाचशे जातात. गोळ्या तेवढ्या मिळतात.

रात्री बिल काढून बघितलं तर कर ५ टक्के. सप्टेंबरात टीव्हीवर औषधांवरचे १२ चे ५ झाले म्हणून केवढा गाजावाजा होता, मग माझ्या बिलात एक रुपयाही कमी का नाही? आणि दवाखान्यात इन्शुलिन नसण्याचा या कराशी नेमका काय संबंध? पक्षांची भांडणं नकोत, माहितगाराने सांगा.

ठेचा

आमदारसाहेबांना विचारा, २०१९ ते २०२२ तुमचेच लोक मंत्रालयात होते, तेव्हा खिडकीवर काय लाडू वाटत होते का? आणि जीएसटीचे दर ठरवणाऱ्या परिषदेत त्यांच्या पक्षाच्या राज्यांचे मंत्रीही बसतात.

गोळीवाले काका

ठेचा, पक्ष नको म्हणाला ना तो.

मी सरकारी रुग्णालयाच्या औषध भांडारात ३१ वर्षं काढली. आधी तुझ्या पाचशेचा हिशेब करू. छापील किमतीत कर धरलेलाच असतो. ५ टक्के म्हणजे पाचशेतले जेमतेम २४ रुपये. इन्शुलिन २०१७ साली जीएसटी आला तेव्हापासूनच ५ टक्क्यांत आहे, त्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ ला तुझ्या बिलात काही हललं नाही. त्या दिवशी १२ चे ५ झाले ते आईच्या गोळ्यांवर आणि शुगर तपासायच्या पट्ट्यांवर. ३३ औषधांवरचा कर तर पार शून्य झाला, पण त्यात बहुतेक कॅन्सरची आणि दुर्मीळ आजारांची आहेत. उद्या इन्शुलिनवरचाही काढला तरी पूर्ण २४ वाचतील असं धरू नकोस. माल करमुक्त झाला की कंपनीला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, आणि ती कंपनी स्वतःच्या खिशातून थोडीच सोसणार.

उरले ४७६. ते तू भरतोस कारण खिडकीवर बाटली नाही. साहेबांचं भाषण झालं २४ वर.

एका जागी मात्र कर आणि पुरवठा खरंच भेटतात. सरकारी रुग्णालयाची औषधखरेदीही जीएसटीसकटच होते आणि त्याची वजावट सरकारला मिळत नाही. एक कोटीच्या तरतुदीत १२ टक्के असताना ८९ लाखांचं औषध यायचं, ५ टक्क्यांत ९५ लाखांचं येतं. हा मुद्दा सभेत मांडला असता तर मीही टाळी दिली असती.

पण माझ्या काळात औषध पैशापेक्षा कागदावर जास्त अडलं. मार्चअखेरीला निधी परत गेलेला आणि कपाटं रिकामी, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. खालून मागणी जाते, वर ती एकत्र होते, मग निविदा. कुणी भरत नाही, कारण पुरवठादाराची आधीची बिलं थकलेली. फेरनिविदा. तोवर जुना दरकरार, म्हणजे पुरवठादाराशी ठरलेल्या भावाचा करार, संपतो. माल आलाच तर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत वाटता येत नाही (हे योग्यच आहे, बनावट गोळ्याही निघाल्यात). इन्शुलिनला वर थंड साठवण लागते, म्हणून जास्तीचं मागवून ठेवायलाही आम्ही कचरायचो.

२०१७ ला ही खरेदी हाफकिन या लस-औषधं बनवणाऱ्या सरकारी महामंडळाकडे दिली, ओरड झाली. सरकारं बदलली, ओरड तीच. २०२३ ला कायदा करून वेगळं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण काढलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. चांगलं झालं, पण गर्दी वाढते त्या मानाने साठा वाढवायला नको? ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यात १२ नवजात बाळं. औषधटंचाईचे आरोप झाले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या आठवड्यात सगळेच पुढारी दवाखान्यात दिसत होते.

तमिळनाडूत १९९५ पासून त्यांचं महामंडळ प्रत्येक दवाखान्याला पासबुक देतं. जिल्ह्याच्या गोदामातून माल उचलायचा, पासबुकात नोंद पडते. कुणाची किती उचल झाली, किती शिल्लक, समोर दिसतं. आपल्याकडे साठ्याची नोंद ठेवणारी ई-औषधी प्रणाली संगणकावर आहे, पण खिडकीसमोर उभ्या असलेल्या तुझ्या आईला ते कोण दाखवणार?

तू आता एवढंच कर. इन्शुलिनची मागणी कोणत्या तारखेला गेली, पुरवठा आदेश निघाला का, आणि रुग्ण कल्याण समितीने (रुग्णालयाचा स्थानिक निधी सांभाळणारी समिती) स्थानिक खरेदी का केली नाही, हे लेखी विचार. त्याच तीन गोष्टींवर आमदारांना तारांकित प्रश्न टाकायला सांग, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो.

मेडिकलवाला

काकांचा हिशेब बरोबर. माझ्याकडे मात्र रोज भांडण, जुनी छापील किंमत बघून गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही कपात खाल्ली. छापील ११२ असेल तर आता १०५ घ्यायचे. जुन्या पाकिटावर नवं लेबल लावलंच पाहिजे असं नाही, कंपनीची नवी दरयादी दुकानात असते, ती मागून बघा.

बांधावरचा

काका, आज विचारून आलो. खिडकीवरचा म्हणाला मागणी कधीच गेली. तारीख विचारली तर "साहेब रजेवर आहेत." आमदारांच्या स्वीय सहायकाने प्रश्न व्हॉट्सॲपवर पाठवा म्हटलं, पाठवलाय, दोन निळ्या खुणा आल्यात. माहिती अधिकाराचा अर्ज लिहून ठेवलाय, १० रुपयांचा स्टॅम्पही लावला. पण द्यायचा कुठे, इथेच की परभणीला जिल्हा शल्य चिकित्सकांकडे?

गोळीवाले काका

इथेच दे. माहिती त्यांच्याकडे नसेल तर पाच दिवसांत पुढे पाठवणं त्यांचं काम आहे. पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. शिक्का आणि तारीख, दोन्ही.